वाळू निवण्याची वेळ

पहिल्या रात्री पावणेदोनला मी उठून खिडकीच्या काचेला तळहात लावला. काच थरथरत होती. गाणं असं ऐकू येतच नव्हतं. शब्द नाहीत, सूर नाहीत, नुसता ठोका. तो भिंतीतून येत होता, पलंगाच्या पायांतून येत होता, उशीला कान टेकला तर उशीतूनही येत होता. कपाटातले रिकामे हँगर एकमेकांना लागून किणकिणत होते. बायको अंधारात उठून बसली होती. "थांबेल आता," मी म्हणालो. पहाटे साडेचारच्या सुमाराला थांबलं, आणि त्यानंतर दहा मिनिटांत पहिला कोंबडा आरवला.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. आम्ही चौघं: बायको, मी, एकोणीस वर्षांची लेक आणि तिची मावसबहीण. आठ दिवसांच्या सुट्टीची वाटणी पुण्यातच झाली होती. पहिले तीन दिवस मुलींच्या मनासारखे, उत्तर गोव्यात, हणजूणजवळच्या एका वाडीत. पुढचे पाच आमच्या मनासारखे, दक्षिणेत, काणकोणला. मुलींकडे यादी होती. कुठे कोणत्या वारी काय असतं, आत शिरायला किती पैसे पडतात, परतताना टॅक्सी कुठून मिळते. आमच्याकडे यादी नव्हती. संध्याकाळनंतर कुठेही जायचं नाही, एवढंच आम्हा दोघांचं ठरलं होतं, आणि ते चारचौघांत सांगायला संकोच वाटत होता. गोव्याला जाऊन रात्री खोलीत बसणार? ऑफिसात विचारलं, सोसायटीत विचारलं, सख्ख्या भावाने विचारलं. त्या प्रश्नाला मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते आता द्यायचं आहे.

सकाळी समोरच्या घरातल्या आजी अंगण झाडत होत्या. जुनं घर, पुढे बलकांव, म्हणजे दोन्ही बाजूंना सिमेंटचे बाक असलेला ओटा, बाजूला माड. मी विचारलं, रात्री झोप लागते का तुम्हाला? त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. म्हणाल्या, "खाट स्वयंपाकघरात नेली. तिथं कमी येतं." एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता. पण ज्या घरात त्या लग्न होऊन आल्या, त्या घरात त्यांनी झोपायची जागा बदलली होती, आणि ती कुणासाठी, तर आमच्यासारख्यांसाठी. मला फार वाईट वाटलं. त्या ठोक्याचे पैसे शेवटी पाहुणेच भरतात.

कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना ऐकून माहीत असतं: दहानंतर आवाज बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यांत रात्री दहा ते सकाळी सहा ही 'रात्र' मानली आहे आणि या वेळात ध्वनिक्षेपक लावता येत नाही. अपवाद बंदिस्त सभागृहांचा, तोही आतला आवाज आतच ठेवायच्या बोलीवर. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. धार्मिक, सांस्कृतिक सणासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५च्या निकालात हा विषय थेट जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडला. बोलण्याचं स्वातंत्र्य आहे म्हणून दुसऱ्याला सक्तीने ऐकायला लावता येत नाही, असं त्या निकालाचं सार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली युरोपासाठी सुचवलेली रात्रीची मर्यादा तर याहून कमी आहे, घराबाहेर ४० डेसिबल.

हे आकडे दिसायला जवळजवळचे वाटतात. ४५ काय आणि ७५ काय! पण डेसिबल किलो-मीटरसारखे सरळ चढत नाहीत. दहा डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते. वीस वाढले की शंभरपट, तीस वाढले की हजारपट. शिवाय आवाजातली चिरकी, वरच्या पट्टीची बाजू भिंतीला, झाडाला, पडद्याला अडते. खर्ज अडत नाही. आमच्या खोलीत गाणं पोचत नव्हतं आणि ठोका पोचत होता, तो यामुळेच. आणि रात्रीची हवाही आवाजाला मदत करते. दिवसा जमीन तापलेली असते, खालची हवा गरम, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरची त्या मानाने उबदार राहते, आणि वर निघालेला आवाज पुन्हा खाली वाकतो. दिवसा जी घंटा पलीकडच्या वाड्यात ऐकू येत नाही, ती रात्री येते. आपल्या आजोळी रात्री नदीपलीकडचं भजन ऐकू यायचं, तो हाच प्रकार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शापोऱ्याच्या किल्ल्यावर गेलो. तिथून खाली बघितलं की शापोरा नदी समुद्राला मिळते ते मुख दिसतं. अलीकडे वागातोर, हणजूण. पलीकडे मोरजीची वाळू, आणि तिचं नदीकडचं टोक, टेंब. या टेंबावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. गोव्यातलं कासवरक्षणाचं काम सुरुवातीला इथेच उभं राहिलं. मधे एका नदीच्या मुखाएवढंच अंतर. या तीरावर रात्री उजेड आणि ठोका, त्या तीरावर अंधार आणि शांतता असेल तरच किनाऱ्याला लागणारा जीव. हल्ली मोरजीलाही दिवे आणि टेबलं वाळूपर्यंत उतरली आहेत, हे किल्ल्यावरून स्पष्ट दिसतं.

इथल्या रात्रींचा इतिहास लहान आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीला युरोप-अमेरिकेतली तरुण पोरं कळंगुट, हणजूणला येऊन राहायला लागली, तेव्हा इथल्या कित्येक घरांत वीज पोचली नव्हती. ती मुलं खरं तर निवांतपणाच शोधत आली होती. पौर्णिमेला किनाऱ्यावर जमून वाजवणं-नाचणं सुरू झालं, पुढे ऐंशीच्या दशकात त्यात इलेक्ट्रॉनिक संगीत आलं, आणि नव्वदच्या दशकात 'गोवा ट्रान्स' हे नाव जगभर गेलं. त्या पहिल्या पिढीतला डीजे गोवा गिल २०२३च्या ऑक्टोबरात वारला. महिन्यातून एका पौर्णिमेला असलेली गोष्ट रोजची झाली, रोजची झाली तशी तिची तिकिटं निघाली, भिंती आल्या, आणि चंद्राचा तिच्याशी काही संबंध उरला नाही. मला त्या नाचणाऱ्या मुलांचा राग नाही. माझी लेक त्यांच्यातच होती. पण 'गोवा म्हणजे हे' असं जे आपल्या मनात बसलं आहे, ते गोव्याने आपल्याला सांगितलेलं नाही, एवढं मला नक्की वाटतं.

गोव्याचा शब्द वेगळा आहे. सुशेगाद. पोर्तुगीज भाषेत 'सोसेगादो' म्हणजे शांत, निवांत. तिथून तो कोकणीत आला. जाहिरातवाल्यांनी त्याचा अर्थ आळस, लोळणं असा करून टाकला. काणकोणला आमच्या यजमान बाईंना मी हा शब्द विचारला, तेव्हा त्या मासे साफ करत होत्या. म्हणाल्या, पहाटे चारला उठून सगळं करून ठेवलेल्या माणसाला संध्याकाळी जे मिळतं, ते सुशेगाद. काम उरलेलं असेल तर कसलं सुशेगाद!

चौथ्या दिवशी आम्ही आगोंदला पोचलो. मडगाव ओलांडलं, केप्याचे डोंगर उजव्या-डाव्या हाताला आले, आणि घाटाच्या वळणांवर मुली गाडीत झोपून गेल्या. तीन रात्रींची झोप बाकी होती. आगोंदचा किनारा लांब, दोन्ही टोकांना डोंगर. बांबू आणि फळ्यांच्या खोल्या माडांखाली. पावसाआधी त्या मोडून बांधून ठेवतात आणि पाऊस सरला की पुन्हा उभ्या करतात. किनाऱ्यावर जाळी लावलेला एक भाग, शेजारी वनखात्याची राहुटी. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे गोव्यातले कासवांचे चार किनारे; त्यांतले शेवटचे दोन काणकोण तालुक्यात.

पहिल्या संध्याकाळी मुलींची अवस्था बघवत नव्हती. साडेसहा झाले, आता काय करायचं? फोन बघून झाला. पत्ते काढले, ठेवले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या शहरांत संध्याकाळ उरलेलीच नाही. दिवस असतो, मग ट्यूबलाइट लागते आणि रात्र होते. मधला जो तुकडा आपली आजी 'तिन्हीसांज' म्हणायची, ज्या वेळी झोपायचं नाही, केर काढायचा नाही, दिवा लावायचा, हातपाय धुऊन घरात यायचं, तो तुकडा घड्याळातून पडून गेला. इथे तो अजून आहे, आणि फार थोडा वेळ असतो. आगोंद साधारण १५ अंश अक्षांशावर. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य क्षितिजाखाली तिरका न सरकता जवळजवळ उभा उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश पंचवीस मिनिटंही टिकत नाही. उत्तर युरोपातली उन्हाळी संध्याकाळ तासन्‌तास रेंगाळते, तशी चैन आपल्याकडे नाही. एकदा हॉटेलात जागा धरायला निघालो, कपडे बदलले, टॅक्सीची वाट बघितली, की ती वेळ गेली.

म्हणून आम्ही तिघं-चौघं रोज त्या वेळात फक्त बसलो. बसल्यावर ऐकू यायला लागतं. आधी पोदेराचा भोंगा. सायकलच्या मागे टोपली, वर निळं प्लास्टिक, आत उंडे, पोई आणि कांकणं. सकाळी येतो तसा संध्याकाळीही येतो. भोंगा वाजला की घराघरांतून पिशव्या घेऊन माणसं बाहेर. मग चर्चची घंटा. सेंट अ‍ॅनच्या नावाचं चर्च आहे इथे. घंटा वाजली तशी यजमान बाईंनी हातातली सुरी ठेवली, पदर नव्हता तरी ओढून घेतल्यासारखा हात डोक्याकडे नेला, ओठ हलले, आणि पुन्हा सुरी उचलली. शेजारच्या हिंदू घरात तुळशीपुढे दिवा लागला. दोन्ही गोष्टी एकाच पाच मिनिटांत झाल्या. त्यानंतर कावळे गप्प, वटवाघळं सुरू. माडाच्या झावळ्यांचा आवाज दिवसभर असतो, पण तो ऐकू यायला सातनंतरच लागतो.

आठ वाजता किनाऱ्यावर पूर्ण काळोख. कृष्णपक्ष होता. दक्षिणेकडच्या डोंगराच्या बऱ्याच वर एक मोठा, शांत तारा होता. लेकीने फोनवर बघायच्या आत मी सांगितलं, अगस्ती. फेब्रुवारीच्या अखेरीला साधारण साडेआठच्या सुमाराला तो बरोबर दक्षिणेला येतो. आकाशातला व्याधाखालोखालचा सर्वांत तेजस्वी तारा हा, आणि युरोपातल्या बहुतेक देशांतून तो दिसतच नाही. दक्षिणेकडे राहणाऱ्यांचा तारा. पुण्यातून दिसतो, पण क्षितिजापासून एकोणीस अंशांवर, म्हणजे समोरच्या इमारतीच्या सातव्या मजल्यामागे. वर व्याध, त्याच्या वर मृग, पलीकडे रोहिणी. लेक चौथीत असताना गच्चीवर शिकवलेली ही नावं. तिला मृग आठवत होतं, बाकीची विसरली होती. एकेक करून परत घेतली.

शनिवारी मुलींनी पाळोळ्याला जायचं ठरवलं. तिथे टेकडीवर हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या होतात. दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, या नियमातून काढलेली ही वाट: प्रत्येकाच्या कानावर हेडफोन, दोन-तीन वादक वेगवेगळ्या वाहिन्यांवर, आपण ज्याचं ऐकतो त्याच्या रंगाचा दिवा आपल्या कानावर. मी त्यांना सोडायला आणि आणायला गेलो. आणायला जरा लवकर पोचलो आणि दाराशी उभा राहिलो. शे-दीडशे माणसं निळ्या, लाल, हिरव्या उजेडात नाचत होती, आणि मला ऐकू येत होते फक्त पाय. फरशीवर घासणारे, आपटणारे, एकमेकांशी न जुळणारे पाय. मधेच कुणीतरी स्वतःला ऐकू येत नसल्याने मोठ्याने बेसूर गायचं. श्वास ऐकू येत होते. आणि या सगळ्याच्या खाली, अखंड, समुद्र. नाचणारी माणसं इतक्या जवळून मी कधी ऐकली नव्हती. खाली गावातल्या घरांचे दिवे विझलेले होते. लोक झोपले होते. परतताना लेक म्हणाली, "बाबा, मधेच हेडफोन काढला ना, की एकदम कळतं आपण टेकडीवर आहोत. मी तीनचारदा मुद्दाम काढला."

म्हणजे दोघांनाही जागा होऊ शकते. तंत्र आहे, कायदा आहे. इच्छा हवी.

शांततेची सक्ती केली तर काय होतं, याचं एक मोठं उदाहरण बालीत आहे, आणि त्याचं आपल्याशी नातं आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. बालीचं नवं वर्ष शक संवत्सराचं. आपला शालिवाहन शक आणि त्यांचा शक एकच, इसवी सनातून ७८ वजा केले की येतो तो. २०२६च्या मार्चात सुरू झालेलं वर्ष त्यांचंही १९४८ आणि आपलंही १९४८. महिने जोडायच्या पद्धती वेगळ्या असल्याने काही वर्षी दोन्ही पाडव्यांत महिन्याचंही अंतर पडतं, पण २०२६ साली ते एकाच दिवशी आले, १९ मार्चला. आपण गुढी उभारली, ढोल वाजवले. त्यांचा पाडवा म्हणजे न्येपी, मौनाचा दिवस. सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत अग्नी-दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. रस्त्यावर गावचे रक्षक, पेचालांग, सोडले तर माणूस नाही. विमानतळ चोवीस तास बंद. २०१८पासून मोबाइलवरचं इंटरनेटही त्या दिवशी बंद ठेवतात. कुता, सेमिन्याकच्या नाइटक्लबांसाठी आलेला परदेशी पाहुणाही हॉटेलच्या आवारात, पडदे ओढून. आदल्या रात्री मात्र हेच लोक अक्राळविक्राळ राक्षसांच्या प्रतिमा, ओगोह-ओगोह, खांद्यावर घेऊन प्रचंड गोंगाटात मिरवतात. गोंगाटाला एक रात्र, मौनाला एक दिवस, आणि दोन्ही सगळ्या बेटाने मिळून. त्या काळोख्या बेटावर असलेला पाहुणा एका रात्रीपुरता का होईना, यजमानाच्या वेळेने चालतो. मला यातलं तेच आवडतं.

आपल्या किनाऱ्यालाही स्वतःची रात्र आहे, आणि ती मुळीच गप्प नाही. सिंधुदुर्गात आणि पेडण्यात कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. पालखी देवळाभोवती फिरते आणि बऱ्याच रात्री दशावतार सुरू होतो, तो पहाटेपर्यंत चालतो. लिहिलेली संहिता नाही. पेटी, मृदंग, झांज, आणि समोरासमोर उभे दोन नट शब्दाला शब्द जोडत जाणार. पेडण्याजवळच्या एका जत्रेत मी एकदा अशी रात्र बसून काढली आहे. मांडी घालून बसलेल्या आज्या, मांडीवर झोपलेली पोरं, भज्यांचा वास. माणसाच्या गळ्याच्या मापाची कला ती; माइक तिला नंतर मिळाला. मांडाबाहेर पडून देवळाच्या तळीपाशी आलो की नटाचा आवाज तिथे संपायचा आणि बेडकांचा सुरू व्हायचा. शंभर पावलांत संपणारा उत्सव कुणाची खाट स्वयंपाकघरात न्यायला लावत नाही.

आणि रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास. मंडणगड तालुका, नाना फडणवीसांचं मूळ गाव, सावित्रीच्या मुखापाशी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तिथे कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं आणि त्यातून पुढे कासव महोत्सव उभा राहिला. तिथे गेलेल्या माणसाची संध्याकाळ कासव ठरवतं. सकाळी एकदा, सूर्यास्ताला एकदा पिल्लं सोडतात. असतील तर दिसतात, नसतील तर नाही. रात्री गावकऱ्यांच्या घरी पडवीत जेवण, दहाला दिवे बंद. आम्ही वेळासला गेलो तेव्हा लेक सात वर्षांची होती आणि पिल्लू दिसलं नव्हतं म्हणून रडली होती. आगोंदला जायचं एक कारण तेही होतं.

राहुटीवरचा राखणदार मुलगा विशीतला, गावातलाच. पहिल्या रात्री आम्ही लांबूनच बघत होतो, त्याने हाक मारली, "या, बसा. फोन मात्र खिशात." जाळीच्या आत वाळूत लहान-लहान कुंपणं, प्रत्येकापुढे पाटी: घरट्याचा क्रमांक, तारीख, अंड्यांची संख्या. त्याने दाखवलेल्या पाटीवर ४ जानेवारी आणि १०४ लिहिलं होतं. "आमच्या आज्याने ही अंडी खाल्लेली. विकायलाही न्यायचे," तो म्हणाला. आता त्याच गावातली पोरं थंडीच्या रात्री मादी वर येताना तिच्या मागचा ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग शोधत हिंडतात, अंडी आणून इथे पुरतात. पन्नासेक दिवस वाळू ती उबवते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर. पस्तीस-चाळीस किलोची आई तेव्हा समुद्रात कुठे असते, कुणाला ठाऊक नसतं. पिल्लांना तिच्याकडून काही शिकायला मिळत नाही.

त्याने सांगितलेली एक गोष्ट मी आधी कुठे ऐकली नव्हती. पिल्लं अंड्यातून फुटली तरी लगेच वर येत नाहीत. खाली, हातभर वाळूत, एकमेकांच्या अंगावर थांबून राहतात. दिवसा वरची वाळू भाजत असते. त्या वेळी बाहेर आलं की ऊन आणि कावळे. वरचा थर गार पडला की त्यांना ते खालून कळतं, आणि मग सगळी एकदम निघतात. म्हणून बहुतेक वेळा अंधार पडल्यावरच. "वाळू निवायला पाहिजे," तो म्हणाला. बाहेर आल्यावर ती जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे जातात. लाखो वर्षं ती बाजू समुद्राचीच होती. चांदण्यांचा उजेड पाण्यावर पडतो, जमिनीकडे झाडी काळी. आता जमिनीकडे बल्बांच्या माळा असतात. पिल्लू त्या दिशेने वळलं की टेबलाखाली, गाडीखाली, कुत्र्याच्या तोंडी.

पहिल्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या रात्री काही झालं नाही. आम्ही तीन-तीन तास बसलो. वाळूवर बसून काहीही न घडण्याची वाट बघताना चौघांत जे बोलणं झालं, ते घरी दोन वर्षांत झालं नव्हतं. लेकीने कॉलेज बदलायचं तिच्या मनात आहे, हे तिथे सांगितलं. तोंड दिसत नव्हतं म्हणून तिला सोपं गेलं असावं, आणि मलाही ऐकून घेणं सोपं गेलं.

आमची शेवटची रात्र. सव्वासात झाले असतील. मुलाने लाल टॉर्च वाळूवर टेकवून धरला. लाल उजेडाचा कासवांना फारसा त्रास होत नाही. घरट्याच्या मधोमध वाळू ताटलीएवढी खाली बसली होती. दुपारी ती सपाट होती. तो काही न बोलता उठला आणि किनाऱ्याने तीनशे पावलांवरच्या उपाहारगृहाकडे चालत गेला. तिथे माडापासून माडापर्यंत पिवळ्या दिव्यांच्या माळा होत्या, दहाबारा टेबलांवर माणसं जेवत होती. मिनिटभरात माळा विझल्या. मग आतला दिवा विझला. नंतर टेबलांवर मेणबत्त्या लागल्या, लहान, काचेच्या पेल्यांत. कुणी ओरडलं नाही. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि काही माणसं जेवण टाकून अनवाणी आमच्या दिशेने येऊ लागली.

तोवर वाळूत एक काळं टोक दिसत होतं, हरभऱ्याएवढं. ते हललं. शेजारी दुसरं. मग वाळू उकळल्यासारखी झाली. अंगठ्यापेक्षा जरा मोठी, वाळूच्याच रंगाच्या धुळीत माखलेली, एकमेकांच्या पाठीवर चढणारी, घसरणारी पिल्लं. मुलाने जाळीचं दार उघडलं, पायाने वाळूत समुद्रापर्यंत एक सरळ पट्टा ओढला आणि आम्हाला दोन्ही बाजूंना उकिडवं बसवलं. वल्ह्यासारखे पुढचे पाय वाळूवर खसखस वाजत होते. ऐकू येत होतं ते! नव्वद जिवांच्या पायांचा आवाज, वाळलेल्या पानांवर पाऊस सुरू होतो तसा. पंचवीस-तीस माणसं असतील आम्ही, देशीविदेशी, आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. एक पिल्लू पट्ट्यातून बाहेर पडून आमच्याकडे वळलं. लेकीच्या खिशातला फोन कसलासा निरोप आल्याने उजळला होता. तिने तो झटकन काढून वाळूत उलटा दाबला आणि वर ओढणी टाकली. पिल्लू थांबलं. मान वर केली. मग वळलं.

पहिली लाट आली आणि पुढची आठदहा एकदम उचलून घेऊन गेली. दोन परत वाळूवर टाकली. ती पुन्हा निघाली.

सगळं संपल्यावर मुलगा टॉर्च दातांत धरून पाटीवर लिहीत होता. ८९. मी विचारलं, बाकीची? काही अंडी वांझ निघतात, तो म्हणाला, पण तीनचार अजून खाली हलतायत असं वाटतं. "उद्या. वाळू निवली की बघू."

आमची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. मुलींनी माझ्याकडे बघितलं आणि परत वाळूवर बसल्या.